क्रॉसबोच्या बोल्टला कोणतं ब्रॉडहेड लावायचं, आणि ते आधी कसं तपासायचं

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखा घोडा ओढून सोडायचं आडवं धनुष्य, आणि बोल्ट म्हणजे त्याचा आखूड बाण. ४० यार्डांवर ठेवलेल्या फोमच्या ठोकळ्यात फील्ड पॉइंट, म्हणजे सरावाचं साधं टोक, लावलेले माझे तिन्ही बोल्ट एका मुठीत मावतील इतके जवळ बसले होते. मग तोच क्रॉसबो, तसलाच बोल्ट आणि तेवढ्याच वजनाचं ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं पात्यांचं टोक, लावून चौथा सोडला, तर तो सात इंच डावीकडे जाऊन रुतला. समोर फोम होता म्हणून निभावलं. आडवं उभं असलेलं हरीण असतं, तर ते सात इंच म्हणजे फुप्फुस आणि आतडं यांच्यातलं अंतर. पहिल्या जागी लागलेलं हरीण काही सेकंदांत कोसळतं. दुसऱ्या जागी लागलेलं तासन्‌तास तडफडतं आणि पुष्कळदा सापडतही नाही. पाकिटावर ‘फील्ड पॉइंटसारखंच उडतं’ असं छापलेलं होतं आणि मी ते न तपासता खरं धरलं होतं.

हा विषय अमेरिकेतल्या व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीचा आहे. ती परवाना काढून, ठरलेल्या हंगामात होते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिथे क्रॉसबो घेणारे खूप वाढले, कारण एकामागून एक राज्यांनी धनुष्याच्या हंगामात त्याला जागा दिली. मिशिगनने २००९ मध्ये दारं उघडली, विस्कॉन्सिनने २०१४ पासून क्रॉसबोचा वेगळा हंगामच सुरू केला. त्यामुळे बंदुकीची सवय असलेले अनेक जण थेट क्रॉसबोकडे आले. काडतूस विकत आणायचं, नळीत घालायचं आणि विसरायचं, ही त्यांची सवय. ब्रॉडहेडच्या बाबतीत हीच सवय अंगाशी येते.

आधी मूळ गोष्ट. सरावाला जे साधं, गोल टोकाचं लोखंडी टोपण लावतात तो फील्ड पॉइंट. शिकारीला लावतात ते ब्रॉडहेड, म्हणजे धारदार पाती असलेलं टोक. गोळी आपल्या जोराने मांस आणि हाड चिरडत जाते. बोल्टचं तसं नाही. तो कापतो, आणि कापलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त गेल्याने प्राणी मरतो. दोन्ही फुप्फुसांतून पातं आरपार गेलं की मेंदूकडे जाणारं रक्त झपाट्याने कमी होतं आणि हरीण बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आत आडवं होतं. म्हणून धारेला इतकं महत्त्व. धारदार पातं रक्तवाहिनी सुरीसारखी कापतं. बोथट पात्यापुढे तीच रक्तवाहिनी रबरी नळीसारखी बाजूला सरकते किंवा फाटते, आणि फाटलेली जागा लवकर गोठून बंद होते.

आता जोराचा हिशेब पाहू, कारण निवडीतला निम्मा गोंधळ इथेच मिटतो. बोल्टचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. वेग मोजतात सेकंदाला किती फूट, या मापात. वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४० केलं की फूट-पाउंडांत ऊर्जा मिळते. ४०० ग्रेनचा बोल्ट ४०० फुटांच्या वेगाने सुटला तर ऊर्जा येते १४२ फूट-पाउंड. तेवढ्याच वजनाचा बाण कंपाउंड, म्हणजे चाकं लावलेल्या हाताने ओढायच्या धनुष्यातून २८० फुटांच्या वेगाने सुटला तर येते ७०. बाण बनवणाऱ्या ईस्टन कंपनीच्या तक्त्यात हरणासाठी २५ ते ४१ फूट-पाउंड पुरेसे धरले आहेत. म्हणजे आजच्या क्रॉसबोकडे जोर उरून सांडतो. ब्रॉडहेड निवडताना ‘आत घुसेल का’ या प्रश्नावर रात्र जागवायची गरज नाही. ‘मी नेम धरला तिथेच जाईल का’ आणि ‘दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल का’ या दोन प्रश्नांवर जागा.

पहिला प्रश्न अवघड होतो तो याच वेगामुळे. बोल्टच्या मागे प्लास्टिकची पिसं असतात, त्यांना वेन म्हणतात. हवेत बोल्ट सरळ ठेवणं हे त्यांचं काम. पुढे पाती लावली की तीही छोटे पंखच होतात. बोल्ट सुटताना जराही वाकडा असेल, तर पुढचे पंख त्याला एका बाजूला ओढतात आणि मागचे सरळ करायला बघतात. वेग जितका जास्त तितकी ही ओढाताण मोठी. क्रॉसबोचा बोल्ट साधारण २० इंचांचा, धनुष्याच्या बाणापेक्षा आखूड. त्यामुळे मागच्या वेनना पुढचं टोक सरळ करायला तरफही कमी मिळते. माझे सात इंच इथूनच आले होते.

स्थिर पाती की उघडणारी

ब्रॉडहेडचे ढोबळ दोन प्रकार. स्थिर पात्यांचं, ज्यात पाती कायम उघडी असतात, आणि मेकॅनिकल, ज्यात पाती उडताना मिटलेली असतात आणि लागताक्षणी उघडतात. दोन्हींचा मेळ घातलेलं हायब्रिडही मिळतं. त्यात दोन छोटी पाती स्थिर आणि दोन मोठी उघडणारी असतात.

स्थिर प्रकारातही टोकाचा फरक असतो. मझी नावाच्या कंपनीच्या टोकात पुढे भरीव, छिन्नीसारखी अणकुची असते. ती हाड फोडायला चांगली, पण कातडीला आधी भोक पाडते आणि मग मागची पाती कापतात. मॅग्नस स्टिंगरसारख्या टोकात धार थेट अग्रापासून सुरू होते, त्यामुळे ते स्पर्शालाच कापतं आणि कमी जोरात खोल जातं. जी-फाइव्हचं मोंटेक एकाच तुकड्यातून घडवलेलं आहे, सुटी पाती नाहीत. ते मोडायचा धोका कमी, पण ते स्वतः पाजवावं लागतं आणि पाजवायचा हात सर्वांना नसतो.

मेकॅनिकलमध्ये रेज हे सगळ्यांच्या ओळखीचं नाव. त्याची पाती मागे सरकत उघडतात. वेगवान क्रॉसबोवर हा प्रकार लोकप्रिय होण्याचं कारण सरळ आहे. मिटलेलं टोक हवेत फील्ड पॉइंटच्या बरंच जवळ वागतं, आणि पाती उघडायला जी ऊर्जा खर्च होते ती क्रॉसबोला जाणवतही नाही. पण याची एक दुखरी जागा आहे. क्रॉसबोची दोरी सुटते तेव्हा बोल्टला एवढा मोठा हिसका बसतो, की पाती धरून ठेवणारं रबराचं कडं किंवा प्लास्टिकची कॉलर कमजोर असेल तर पाती हवेतच उघडतात. उघडी पाती घेऊन जाणारं मेकॅनिकल म्हणजे मोठ्या पंखांचं स्थिर टोक. मग ते कुठेही जाईल. म्हणून कंपन्या क्रॉसबोसाठी घट्ट कॉलरची वेगळी आवृत्ती काढतात. धनुष्यासाठीची पाकिटं सवलतीत मिळाली म्हणून क्रॉसबोला लावू नका. कॉलर एकदाच वापरायची असते, हेही ध्यानात ठेवा.

कापाच्या रुंदीबद्दल पाकिटावर मोठा आकडा असतो, पण तो एकटा फसवतो. दोन पात्यांचं दोन इंच रुंदीचं टोक एकूण दोन इंच कापतं. तीन पात्यांचं सव्वा इंची टोक घ्या. प्रत्येक पातं मध्यापासून ०.६२५ इंच, तीन मिळून १.८७५ इंच. चार पात्यांचं सव्वा इंची टोक अडीच इंच कापतं. म्हणजे दिसायला लहान असलेलं टोक कापण्यात मागे नसतं. शिवाय दोन पात्यांनी पडते ती चीर. तिचे काठ कातडी हलली की एकमेकांना चिकटू शकतात. तीन-चार पात्यांनी पडतं ते भोक, ते उघडं राहतं आणि रक्ताचा माग जमिनीवर चांगला पडतो. उलट, दोन पात्यांना वाटेत अडथळा कमी, ती खोल जातात. माझं मत विचाराल तर: क्रॉसबोचा वेग सेकंदाला ३५० फुटांच्या आसपास असेल तर आखूड, तीन-चार पात्यांचं, दणकट स्थिर टोक आधी वापरून बघा. ते सुबक उडालं तर दुसरं काही शोधू नका, कारण त्यात उघडायचं किंवा न उघडायचं असं काही नसतं. ४०० च्या वर गेलात आणि स्थिर टोकाचे बोल्ट एकमेकांजवळ लागेनात, तर क्रॉसबोसाठीचं चांगलं मेकॅनिकल घ्या.

वजन १०० ग्रेन हे सर्वसाधारण. १२५ आणि १५० चीही मिळतात. पुढचं वजन वाढवलं की बोल्टचा तोल पुढे सरकतो आणि मागच्या वेनना तो सरळ ठेवणं सोपं जातं. बोल्ट जड झाला की वेग थोडा घटतो, पण क्रॉसबोचा आवाजही कमी होतो, कारण बोल्टने न घेतलेली ऊर्जाच आवाज आणि थरथर होऊन बाहेर येते. क्रॉसबोच्या पुस्तिकेत बोल्टचं किमान वजन दिलेलं असतं, त्याखाली कधीही जाऊ नका. फार हलका बोल्ट म्हणजे जवळपास रिकामीच दोरी सोडल्यासारखं. त्यात क्रॉसबोच्या कमानीच्या बाजू फुटतात, दोरी तुटते. नॉक, म्हणजे बोल्टच्या शेपटीची खाच, तीही पुस्तिकेत सांगितली असेल त्याच आकाराची हवी.

कायदा राज्यागणिक बदलतो. बऱ्याच राज्यांत किमान सात-अष्टमांश इंच रुंदीची अट आहे. काट्यासारखी उलट वळलेली पाती अनेक ठिकाणी बेकायदा आहेत, कारण ती जखमेतून निघू शकत नाहीत. मेकॅनिकलबद्दलही काही राज्यांनी वेगळे नियम केलेले आहेत. परवान्यासोबतची त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचा, मित्राच्या आठवणीवर जाऊ नका.

तपासणी

पहिली तपासणी क्रॉसबो न उचलता, टेबलावर. ब्रॉडहेड पानाने, म्हणजे त्याच्यासोबत मिळणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या चावीने घट्ट बसवा. नुसत्या बोटांनी कधीच नाही. आता बोल्ट दोन छोट्या चाकांच्या स्पिन टेस्टरवर आडवा ठेवा आणि बोटाने फिरवा. नजर फक्त अग्रावर. अग्र एका बिंदूवर स्थिर राहिलं तर उत्तम. ते हवेत बारीक वर्तुळ काढायला लागलं, तर तो बोल्ट शिकारीचा नाही.

माझ्या त्या चौथ्या बोल्टचं नेमकं हेच होतं. फिरवला तर अग्र ज्वारीच्या दाण्याएवढं वर्तुळ काढत होतं. टोक दुसऱ्या बोल्टवर लावलं, तर ते तिथे शांत. म्हणजे दोष टोकात नव्हता. बोल्टच्या तोंडात बसवलेल्या धातूच्या इन्सर्टची कड काटकोनात नव्हती, त्यामुळे टोक किंचित तिरपं बसत होतं. ती कड घासून चौकस करायचं एक साधं हत्यार मिळतं. कडेला मार्करने काळं करायचं, हत्यारावर बोल्ट फिरवायचा आणि काळं सगळीकडून सारखं जाईपर्यंत घासायचं. माझ्या बोल्टचं काळं आधी एकाच बाजूने गेलं, दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीसारखं उरलं. पाचेक मिनिटांत ती कोर गेली. पुन्हा फिरवला तर अग्र जागच्या जागी. त्याच दुपारी ४० यार्डांवर तो बाकीच्यांपासून दोन इंचांवर लागला. क्रॉसबोला आणि त्यावरच्या नेमाच्या दुर्बिणीला मी हातही लावला नव्हता.

मग वजन. ग्रेन दाखवणाऱ्या काट्यावर प्रत्येक पूर्ण बोल्ट तोला. एकाच पाकिटातल्या टोकांत दोन-तीन ग्रेनचा फरक निघू शकतो. त्यातून सर्वांत जुळणारे तीन-चार निवडा, त्यांच्यावर आकडे घाला आणि हंगामभर तेच वापरा.

एक गोष्ट अनेक जण विसरतात. टोक लावलेला बोल्ट रुळावर, म्हणजे क्रॉसबोवर बोल्ट ठेवायच्या लांब पट्टीवर, ठेवून पाती कुठे घासतात का ते पाहायला हवं. नव्या अरुंद क्रॉसबोंवर बोल्ट आखूड असेल तर टोक रुळाच्या आतच राहतं आणि रुंद पातं चाटून जातं. दोरी न चढवता बोल्ट हलकेच जागी ठेवा आणि चारही बाजूंनी बघा. ही पाती दाढीच्या पात्याइतकी धारदार असतात. बोट त्यांच्या पुढे नको आणि मागेही नको.

नेमबाजी २० यार्डांपासून सुरू करा. आधी फील्ड पॉइंटचे तीन, मग ब्रॉडहेडचे तीन. प्रत्येकासाठी ठोकळ्यावर वेगळा ठिपका चिकटवा, नाहीतर दुसरा बोल्ट पहिल्याचे वेन कापून टाकेल. ठोकळा ब्रॉडहेड झेलणारा, थरांच्या फोमचा हवा. पोत्यासारखं भरलेलं लक्ष्य नको, त्यात टोक अडकतं. २० वर सगळं छान दिसतंच, खरी परीक्षा ३०, ४० आणि ५० वर. ब्रॉडहेड एकमेकांजवळ, पण फील्ड पॉइंटपासून सगळी सारखीच दोन-तीन इंच हटून लागत असतील, तर काळजी नाही. दुर्बीण ब्रॉडहेडप्रमाणे जुळवा आणि हंगाम संपेपर्यंत तशीच ठेवा. पण ब्रॉडहेड विखुरलेली असतील तर दुर्बीण फिरवून काही होणार नाही. पुन्हा बोल्ट स्पिन टेस्टरवर फिरवून बघण्याकडे जा, मग वेन तपासा, मग जड टोक, मग वेगळा प्रकार, या क्रमाने.

मेकॅनिकलसाठी आणखी एक काम आहे. वर्तमानपत्राचा मोठा कागद चौकटीत ताणून ठोकळ्याच्या पाच-सहा फूट पुढे उभा करा. कागदातलं भोक बारीक असेल तर पाती मिटलेली गेली. त्यात लांब चिरा दिसल्या तर ती हवेत उघडली. शिवाय एक ३० अंशांनी तिरपी ठेवलेली प्लायवूडची फळी मारून बघा, कारण १८-२० फूट उंच मचाणावरून बोल्ट बरगड्यांना तिरपाच भेटतो. काही टोकं तिरक्या पृष्ठभागावर घसरून दिशा बदलतात. ते फळीवर कळलेलं चांगलं.

मांसाच्या जागी वापरतात त्या जेलच्या ठोकळ्यात किती इंच गेलं, सिमेंटच्या विटेत काय झालं, असे प्रयोग पाहायला मजा येते, पण त्यांच्यावर निवड करू नका. जेलला केस नाहीत, कातडी नाही, बरगड्या नाहीत. फोममध्ये तर बोल्टच्या अंगाचं घर्षण इतकं असतं, की तिथली खोली टोकाबद्दल फारसं सांगतच नाही. फळी मात्र कामाची. मारल्यावर टोक पुन्हा स्पिन टेस्टरवर फिरवा. मधला दांडा वाकलेला आहे की नाही, हे तिथे कळतं.

धारेची तपासणी रबर बँडने करा. चौकटीवर किंवा पुठ्ठ्याच्या खाचांत एक रबर बँड हलकासा ताणून बसवा आणि पातं फक्त स्वतःच्या वजनाने त्यावर टेका. चांगलं पातं रबर न ढकलता तोडतं. बोथट पातं आधी त्याला वाकवतं. शरीरात रक्तवाहिनी हेच करते, म्हणून ही परीक्षा मला कागद कापण्यापेक्षा जास्त पटते. हातावरचे केस काढून बघू नका. आणि फोममध्ये मारलेलं पातं शिकारीला कधीच नेऊ नका. फोम पात्याची धार आश्चर्य वाटेल इतक्या लवकर खातं. सुटी पाती बदला, एकसंध टोक पुन्हा पाजवा आणि बदलल्यावर एकदा फिरवून बघा.

मारण्याच्या क्षणी

इतकं करूनही ४० यार्डांपलीकडे मी मारत नाही, त्याचं कारण आवाज. ध्वनी सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो, आपला बोल्ट ४००. ४० यार्ड म्हणजे १२० फूट. आवाज तिथे ०.१ सेकंदात पोहोचतो, बोल्टला लागतात ०.३. मधल्या ०.२ सेकंदांत बुजलेलं हरीण उडी घेण्यासाठी पाय दुमडून खाली बसतं, आणि त्याची छाती कित्येक इंच खाली जाते. २० यार्डांवर हीच फट अर्धी होते. वेगवान क्रॉसबो ही फट कमी करतो, मिटवत नाही.

हरीण आडवं असावं किंवा किंचित पाठ करून तिरपं. समोरून मारू नका. जागा म्हणजे पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात. खवाटा, म्हणजे खांद्याचं रुंद हाड, टाळायचंच. क्रॉसबो ते फोडूही शकतो, पण त्यात टोक वाकडं होऊन मार्ग सोडतं. मचाणावरून मारताना बोल्ट कुठे लागेल यापेक्षा कुठून बाहेर पडेल हे मनात धरा. खालून बाहेर पडलं की रक्त जमिनीवर सांडतं. वरच भोक राहिलं तर रक्त छातीतच साठतं आणि पानगळीत एक थेंबही दिसत नाही.

बोल्ट सापडला की त्यावरचं रक्त बघा. गुलाबी आणि फेसाळ म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबून निघा. गडद लाल म्हणजे यकृत, चार-सहा तास तरी थांबा. हिरवट, वासाचं म्हणजे आतडं. मग रात्रभर थांबायची तयारी ठेवा, कारण घाईने मागे गेलात तर ते उठून आणखी मैलभर जाईल. हा थांबण्याचा काळ फार जड जातो.

हरीण मिळालं की आत हात घालायच्या आधी टोक शोधा. आरपार गेलं असेल तर पानांत, राहिलं असेल तर छातीत, आणि तुटलेलं एक पातं मांसातही असू शकतं. पाती मोजा. सगळी मिळाली की मगच चाकू लावा. घरी आल्यावर ते टोक धुऊन पुन्हा स्पिन टेस्टरवर ठेवा. बरगडीवर आपटलेला दांडा डोळ्याला सरळ दिसतो, पण फिरवल्यावर अग्र वर्तुळ काढत असेल तर ते टोक डब्यात बंद करून बाजूला ठेवा, आणि पुढच्या वेळी त्या बोल्टवर नवं लावून पुन्हा पहिल्यापासून फिरवून बघा.